पायाखालचा शब्द

बोलकीबाईंनी पेन्सिलीचं टोक चित्रातल्या खोलीच्या तळाशी टेकवलं आणि विचारलं, "सर, हे काय आहे?"

मास्तरांनी चित्र डोळ्यांजवळ धरलं. साधी खोली होती. खिडकी, खुर्ची, टेबल, कोपऱ्यात दिवा. पेन्सिल टेकली होती तो भाग चित्रकारानं चौकोनाचौकोनांनी भरला होता. ते काय आहे हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. तसलंच त्यांच्या तळव्यांखाली या क्षणी होतं आणि गार लागत होतं. त्यांनी घसा खाकरला, ओठ जुळवले आणि भरल्या वर्गात शोभेल अशा आवाजात सांगितलं, "छत."

शब्द कानावर पडला तेव्हा चुकल्याचं त्यांना उमगलं. आत होता तोवर तो बरोबर होता. बाहेर पडून कानावाटे परत आला तो भलताच. आपल्या पोराला दुकानात धाडावं आणि शेजाऱ्याचं पोर पिशवी घेऊन परत यावं, तसं. मास्तरांनी मान खाली घातली.

"जवळ आलात," बोलकीबाई म्हणाल्या. "छतही खोलीचंच असतं की."

ही समजूत मास्तरांना चुकीपेक्षा जास्त लागली. अशी समजूत त्यांनी आयुष्यात कुणाची काढली नव्हती. पोरगं चुकलं की ते एवढंच म्हणत, "चुकलं. बस खाली."

बोलकीबाईंचं काम आजारात वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलतं करण्याचं. दवाखान्यातून त्या आठवड्यातून दोनदा घरी येत. त्यांचा इंग्रजी हुद्दा मास्तरांच्या बायकोच्या जिभेवर बसेना, म्हणून पहिल्याच दिवशी तिनं त्यांना बोलकीबाई करून टाकलं. त्यांनाही ते नाव आवडलं.

मास्तर सारी नोकरीभर शाळेत भाषा शिकवत आले होते. पोरं त्यांना माघारी पर्यायवाले मास्तर म्हणत. एखाद्या शब्दाला दुसरा शब्द, त्याला तिसरा, आणि त्या तिघांत फरक काय, हा त्यांचा लाडका खेळ. तास संपल्याची घंटा झाली तरी तो संपत नसे. हुशार पोरं त्या तासाला पुढच्या बाकासाठी भांडत आणि बाकीची खिडकीबाहेर बघत. निवृत्त झाल्यावरही दुकानांच्या पाट्या वाचत ते रस्त्यानं चालायचे, आणि चुकीची पाटी दिसली की आत जाऊन दुकानदाराला सांगून यायचे. बायको अशा वेळी चार पावलं पुढे जाऊन उभी राहायची, बरोबर नसल्यासारखी.

मग एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून ब्रश पडला. आरशात तोंड एका बाजूला ओघळलेलं दिसलं. मेंदूतली एक शीर तुंबली होती. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. पाय लवकर सुधारला, उजवा हात निम्मा सुधारला, तोंडही जागेवर आलं. शब्द मात्र आले नाहीत. म्हणजे येत होते, पण आपल्या मर्जीनं. चहा हवा असला की तोंडून खिडकी निघे. बायकोला हाक मारावी तर टॉवेल निघे, आणि ती बिचारी टॉवेल घेऊन हजर होई. नाही, बरं, चला असे थोडे शब्द तेवढे इमानी राहिले होते. दुसऱ्याचं बोलणं त्यांना सगळं कळायचं. नाहीतर लाज कशाची वाटली असती?

बोलकीबाईंच्या सल्ल्यावरून बायकोनं घरातल्या वस्तूंवर कागदाच्या चिठ्ठ्या डकवल्या. दार, कपाट, खिडकी, आरसा. ती फार शिकलेली नव्हती आणि तिचं अक्षर मोठं, गोल, एकमेकांना धरून चाललेल्या पोरांसारखं होतं. भिंतीवर तिनं भींत असं लिहिलं होतं. मास्तर रोज त्या दीर्घ वेलांटीसमोर उभे राहत. ती चूक आहे हे दिसत होतं आणि सांगता येत नव्हतं. एकदा त्यांनी बोटानं ती खोडून दाखवायचा प्रयत्न केला. बायकोला वाटलं चिठ्ठी निघायला आलीय. तिनं वरून आणखी गोंद लावला.

चिठ्ठी दोनच ठिकाणी लागली नाही. छताला तिचा हात पोचेना. आणि खाली लावली असती तर पुसताना निघाली असती.

त्याच दिवसांत एक जुना विद्यार्थी भेटायला आला. आता तो बँकेत अधिकारी होता. पोट सुटलेलं, आवाज खुला. फळांची पिशवी ठेवून तो वाकला, समोर बसला आणि पहिल्या पाच मिनिटांत मास्तरांना बोलता येत नाही हे त्याच्या ध्यानात आलं. ते झाकण्यासाठी तो एकटाच दोघांचं बोलू लागला. माणूस चांगला होता. त्याला शाळेतला एक तास आठवला, फरशीचा.

"सर, तुम्ही विचारलं होतं, पायाखाली काय आहे? आम्ही म्हणालो फरशी. मग तुम्ही एकेक काढत गेलात. भुई, जमीन, लादी, धरणी. आणि म्हणालात, ही जुळी भावंडं नाहीत, चुलत भावंडं आहेत, एकाचा सदरा दुसऱ्याला होत नाही. जमीन कसता येते, फरशी कसता येत नाही. फरशी पुसता येते, धरणी पुसता येत नाही. आणि लाज वाटली की धरणी दुभंगते, फरशीला नुसता तडा जातो."

तो स्वतःच मोकळेपणी हसला. मास्तरही हसले. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून कोऱ्या कपड्यासारखं परत आलेलं पाहून त्यांना क्षणभर बरं वाटलं.

"आणि ती पोरगी आठवते का सर? निबंधात लिहिलं होतं तिनं, आईनं सकाळी धरणी पुसली. तुम्ही ते मोठ्यानं वाचून दाखवलंत. शाळा सुटेपर्यंत तिला आम्ही धरणीच म्हणायचो. पुढं तर तिनं हात वर करायचंच सोडलं."

मास्तरांना पोरगी आठवली. तेलकट दोन वेण्या, वहीवर जवळजवळ पडून लिहिण्याची सवय. तिला नाव पडलं होतं हे त्यांना आजपर्यंत माहीत नव्हतं. ते वाक्य आपण मोठ्यानं का वाचलं? वर्ग हसेल म्हणून. दुसरं काही कारण त्यांना सापडलं नाही. आता त्यांना त्या विद्यार्थ्याला सांगायचं होतं की तिनं बरोबर लिहिलं होतं, निदान वाईट लिहिलं नव्हतं. ते पुढे झुकले आणि म्हणाले, "चमचा."

 विद्यार्थी घड्याळात बघून निघाला. जिन्यात तो मास्तरांच्या बायकोला हलक्या आवाजात काहीतरी विचारत होता आणि ती म्हणत होती, होईल हळूहळू, डॉक्टर म्हणालेत होईल. दार उघडंच होतं. मास्तरांना ते सगळं ऐकू आलं.

यानंतर काही दिवसांतच ते घडलं.

दुपारची वेळ होती. बायको गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. मास्तरांना तहान लागली. ते उठून स्वयंपाकघरात गेले. डाव्या हातानं सगळं करायची आता सवय झाली होती, पण डॉक्टरांनी बजावलं होतं, उजव्याला आळशी होऊ देऊ नका. म्हणून त्यांनी पेला उजव्या हातात घेतला, काठोकाठ भरला, आणि पीत पीत आपल्या खुर्चीकडे यायला निघाले. खोलीच्या दारात बोटांनी पेला सोडून दिला. त्यांना न विचारता. पाणी गुळगुळीत फरशीवर पसरलं आणि दिसेनासं झालं. ती फरशी त्यांच्या मुलीनं हौसेनं बसवून दिलेली, पांढरी, चकचकीत. कोरडी असतानाही ओली वाटणारी.

वाकलं की त्यांना भोवळ येई. म्हणून त्यांनी खुर्चीवरचा पंचा खाली टाकला आणि पायानं तो पाण्यावरून फिरवू लागले. पंचा एकीकडे आणि पाणी दुसरीकडे. आपला हा उद्योग बायकोला कळायच्या आत उरकावा एवढीच त्यांची धडपड होती. पेला सांडला हे तिला कळू नये असं त्यांना वाटत होतं. सांडण्याचं तिला काहीच नव्हतं, तिनं एका शब्दानंही दुखावलं नसतं. पण पोरासारखं सांडलं की पोरासारखं वाटतं.

तेवढ्यात ती आली. दोन्ही हातांत कपड्यांचा ढीग, हनुवटीनं वरून दाबलेला. तिला समोरचं दिसत होतं, खालचं नाही. ती सरळ पाण्याकडे येत होती.

मास्तरांना एकच शब्द हवा होता. सांगायचं एवढंच होतं की फरशी ओली आहे, फरशी बघ. त्यांनी हात वर केला, सगळी ताकद घशात आणली आणि शब्द सोडला. आजारानंतर इतका खणखणीत शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. "छत."

बायकोचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी तिनं नवऱ्याचा जुना आवाज ऐकला होता. ती हसली. मग हसतच तिनं मान वर करून छताकडे पाहिलं, पाल आहे की कोळिष्टक हे शोधत, आणि पुढचं पाऊल टाकलं.

कपडे आधी उडाले, मग ती पडली. आवाज फार मोठा झाला नाही. ती एका कुशीवर होती, पाय कसातरी वळलेला, तोंडातून श्वास आत ओढल्यासारखा एक स्वर. मास्तर तिथंच उभे होते, हात अजून वर. आणि मग ते सगळे आले. फरशी, लादी, भुई, जमीन, धरणी. एकापाठोपाठ एक, हजेरी द्यायला आल्यासारखे, स्वच्छ, आपापल्या वेलांट्या-उकारांसकट, त्यांच्या डोक्यात रांगेनं उभे राहिले. जिभेवर त्यातला एकही उतरला नाही. आपल्याला पोटात घ्यायला यातलं कुणी दुभंगणार नव्हतं, हेही त्यांना कळत होतं.

ते बाहेर गेले आणि शेजारच्या दारावर तळहात आपटत राहिले. शेजाऱ्यानं दार उघडलं तेव्हा म्हणाले, "चला." शेजारी भला होता. त्यानं पुढचं काही विचारलं नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया ठरली. मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला होती, ती संध्याकाळपर्यंत पोचली. आईला बघून ती रडली नाही, डॉक्टरांशी बोलली, औषधं आणली, सह्या केल्या. सगळं मार्गी लावून ती वडिलांशेजारी बाकावर बसली आणि मग तिला राहवलं नाही.

"बाबा, तुम्ही तिथंच होतात ना," ती म्हणाली. "बोलता येत नाही मान्य आहे, पण नुसती हाक तरी मारायची. काहीही ओरडायचं. ती थांबली असती."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मी ओरडलो होतो. ओरडलो नसतो तर ती कदाचित खाली बघून चालली असती. हे तिला सांगायलाच हवं होतं. ते उठून तिच्यासमोर उभे राहिले. स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग बोट वर केलं, दवाखान्याच्या छताकडे. मग खोलीच्या दाराकडे, जिथं बायको झोपली होती. पुन्हा वर. पुन्हा छातीवर.

मुलीचा रंग उडाला. "असं काही मनात आणू नका, बाबा," ती म्हणाली. "आई कुठंही वर जात नाहीये. आणि तुम्हीही नाही." आणि मग ती रडायला लागली, इतका वेळ आवरलेलं सगळं. मास्तर तसेच उभे राहिले, बोट वर, आणि मग त्यांनी ते हळूच खाली घेतलं. गुन्हा कबूल करायला गेलो आणि लेकीला रडवून आलो, असं त्यांना झालं. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तेवढं जमत होतं.

शस्त्रक्रियेनंतर बायको शुद्धीत आल्यावर मुलीनं तिला विचारलंच, नक्की झालं काय. ती म्हणाली, "काही नाही गं. पाणी माझ्याच हातून सांडलं आणि माझ्याच लक्षात राहिलं नाही."

"नाही," मास्तर म्हणाले. हा शब्द त्यांचा होता आणि तो कधी दगा देत नसे. "नाही. नाही."

"बरं, नाही तर नाही," मुलगी थकून म्हणाली. तिला वाटलं, आई दुखण्यानं कण्हतेय ते बाबांना बघवत नाहीये.

त्या दिवसापासून मास्तरांनी तोंड मिटलं. नाही, बरं, चला हे तिन्ही इमानी शब्दही त्यांनी कामावरून काढून टाकले. बोलकीबाई आल्या तर ते भिंतीकडे तोंड करून बसले. बाईंनी चित्रं पुढे केली, मागे घेतली, गप्पा मारल्या, गाणं म्हणून बघितलं. मास्तरांनी एका हातानं त्यांचं दप्तर उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं, अदबीनं, आणि दार उघडून धरलं. चुकीच्या शब्दाची किंमत त्यांनी हाडात मोजलेली पाहिली होती. त्यापेक्षा मुकं राहिलेलं बरं. मनात ते कधीकधी त्या वेण्यांच्या पोरीचा विचार करत. तीही पुढं हात वर करेनाशी झाली होती. मुलीला वाटलं त्यांना धक्का बसलाय. डॉक्टर म्हणाले, असं होतं, वाट बघा.

बोलकीबाईंनी वाट बघितली नाही. त्या दवाखान्यात जाऊन बायकोला भेटल्या आणि सगळं सांगून आल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर भेटायला गेले तेव्हा बायकोनं मुलीला चहा घ्यायला पाठवलं. मग खाटेच्या कडेवर हात आपटून त्यांना जवळ बसायची खूण केली. ते बसले. ती बराच वेळ त्यांच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत राहिली, व्यायाम देतात तशी.

"बोलत नाही म्हणे तुम्ही."

मास्तर खाली बघत होते.

"तुम्ही छत म्हणालात," ती म्हणाली. "मी ऐकलं. केवढा सुंदर आवाज लागला होता. मला वाटलं, आले हे परत. म्हणून वर बघितलं." मग ती हळूच म्हणाली, "हे आपल्या दोघांतच राहू दे. कुणाला सांगू नका."

 मास्तरांच्या नाकातून फिस्सकन हसू फुटलं. कुणाला सांगू नका. त्यांना. तीही हसू लागली आणि हसताना खुब्यात कळ आली म्हणून ओठ चावून थांबली. तिची कळ बघून मास्तरांचं हसू जिथल्या तिथं मोडलं आणि डोळ्यांतून पाणी गळू लागलं. त्यांना ते पुसायचंही सुचेना.

"ऐका," ती म्हणाली. "मला तुमच्यासारखे शब्द येत नाहीत. पण तुमचा अर्थ लावत मी म्हातारी झाले. चुकीचं तर चुकीचं बोला. तुम्ही वर म्हणालात की मी खाली बघीन, त्यात काय. पण तुम्ही गप्पच राहिलात तर मी बघू कुठं?"

मास्तरांनी तिचा हात धरला. त्यांना तिची माफी मागायची होती. त्यासाठी कितीतरी शब्द होते, क्षमा होता, माफी होता, आणि त्यांच्यात फरकही होता, पण ते शोधत गेले नाहीत. तोंड उघडलं आणि जे साऱ्या नोकरीभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं ते निघालं.

"चुकलं," ते म्हणाले.

हा शब्द जसा धाडला होता तसाच कानावर परत आला. बायकोनं मान हलवली. चहा घेऊन मुलगी दारात उभी होती. तिनं तो शब्द ऐकला, आणि आईनं तिच्याकडे बघून डोळ्यांनीच सांगितलं, काही विचारू नकोस.

बायको घरी आली ती वॉकर घेऊन. मुलीनं जागोजागी चटया घालायचं ठरवलं, तर डॉक्टर म्हणाले चटईत वॉकर अडकतो, सगळ्या काढा. रजा संपली तशी तिला जावं लागलं. कामाला एक बाई ठेवून, शेजाऱ्यांना दहादा सांगून ती गेली. बोलकीबाई पुन्हा येऊ लागल्या. कधी मास्तर बोलत, कधी नुसते बसून राहत. शब्दांचं म्हणावं तसं काही सुधारलं नाही. डॉक्टरही आता होईल असं न म्हणता बघू म्हणत.

सकाळी कामाची बाई फरशी पुसून जाई. त्यानंतर बायकोचा चालायचा व्यायाम असे, खोलीतून बाहेर, बाहेरून गॅलरीच्या दारापर्यंत आणि परत. पहिल्याच सकाळी ती उठून वॉकरला धरून उभी राहिली, तर मास्तर तिच्यापुढे येऊन उभे. त्यांनी सपाता काढून भिंतीकडेला सारल्या. पायमोजेही काढले, एका हातानं, बराच वेळ लावून. मग अनवाणी पायांनी ते तिच्यापुढं चालू लागले. पाऊल उचलायचं नाही, घासत पुढे न्यायचं, तळव्यानं फरशी चाचपत. आंधळा काठीनं चाचपतो तसं. मागं वॉकरची टकटक.

"अहो, गारठाल," ती म्हणाली.

ते थांबले नाहीत. खोलीच्या दाराशी त्यांच्या टाचेला ओल लागली. फडकं नीट पिळलं गेलं नव्हतं, हातभर पट्टा अजून वाळायचा होता. मास्तरांनी तोंड उघडलं, क्षणभर तसंच ठेवलं आणि मिटलं. मग ते त्या ओलीवर दोन्ही पाय रोवून उभे राहिले, डावा हात चौकटीला धरून, अंग चोरून, तिला जायला वाट सोडून. बायको आली, त्यांना वळसा घातला आणि कोरड्या फरशीवरून हळूहळू पुढे गेली. ती गॅलरीच्या दाराशी पोचेपर्यंत मास्तर मान खाली घालून तिथंच उभे होते.